नथीची कड कुठे संपते?

ठुशीचा एक बरा फोटो संगणकावर उघडा आणि एकच मणी पडदाभर होईपर्यंत मोठा करत जा. मणी इवलासा, पण त्यात अख्खी खोली मावलेली असते. वरच्या अंगाला खिडकीचा पांढरा चौकोन, मधोमध मोबाइल धरलेला हात, खालच्या निम्म्या भागात ठुशी ज्यावर ठेवली त्या कापडाचा रंग. कापड लाल मखमलीचं असेल तर मण्याचं पोट तांबडं दिसतं. अगदी कडेला पाहिलंत तर तिथे सोन्याचा पिवळेपणाही धड नसतो. गोल, चकचकीत पृष्ठभागाच्या कडेवर प्रकाश इतका तिरपा लागतो की तिथे सोनंसुद्धा जवळजवळ बिनरंगी आरशासारखं वागतं आणि शेजारी जे असेल ते दाखवतं. शेजारी असते पार्श्वभूमी.

आता एआयला सांगायचं, यातली पार्श्वभूमी काढून टाक. मण्याबाहेरची ते काढेलही. मण्याच्या आतली कोण काढणार?

दागिन्यांच्या फोटोंची सगळी गोम इथे आहे. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो: दागिन्याची पार्श्वभूमी काढण्याचं निम्मं काम फोटो काढतानाच उरकायचं असतं. तिथे हयगय केली तर पुढे कुठलंही ॲप ती भरून काढत नाही.

मागणी मात्र ॲपलाच आहे, आणि त्यात नवल नाही. कोल्हापूरच्या गुजरीतली पेढी असो, झवेरी बाजारातला घाऊक व्यापारी असो, की घरून व्हॉट्सॲपवर इमिटेशनच्या नथी विकणाऱ्या ताई असोत, सगळ्यांना रोज नवे फोटो टाकायचे असतात. ॲमेझॉनसारखी बाजारपेठ मुख्य फोटोमागे निखळ पांढरा रंग मागते. संगणकाच्या हिशेबात लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५. शिवाय वस्तूनं चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा असाही नियम. पूर्वी हे काम फोटोशॉपच्या पेन टूलनं हातानं व्हायचं. दागिन्याच्या कडेकडेनं एकेक बिंदू ठेवत रेघ न्यायची. धंद्यात याला क्लिपिंग पाथ म्हणतात. साध्या अंगठीला काही मिनिटं पुरत, जाळीकामाच्या हाराला अर्धी दुपार जाई. बांगलादेशात ढाक्याला तर या एका कामावर पोट असलेले कितीतरी स्टुडिओ उभे राहिले. मग डिसेंबर २०१८ मध्ये व्हिएन्नामधून ‘रिमूव्ह डॉट बीजी’ ही सेवा सुरू झाली. फोटो चढवा, पाच-दहा सेकंद थांबा, पार्श्वभूमी गायब. २०२१ मध्ये कॅनव्हानं ती कंपनीच विकत घेतली. २०२२ मध्ये आयफोनच्या आयओएस १६ मध्ये फोटोतल्या वस्तूवर बोट दाबून धरलं की ती सुटी होऊन हातात यायला लागली. आज ही सोय नसलेलं फोटोचं ॲप शोधावं लागेल.

माणसाच्या पासपोर्ट फोटोवर, चपलेवर, चहाच्या कपावर ही सोय झकास चालते. नथीवर का अडते, हे समजून घ्यायचं तर कडेवरच्या एका पिक्सेलपाशी थोडं थांबावं लागतं.

फोटोतले बहुतेक पिक्सेल सरळ असतात: हा सोन्याचा, तो कागदाचा. पण कडेवरचा पिक्सेल दोघांच्या सामाईक मालकीचा असतो. त्याचा काही भाग सोन्यानं व्यापलेला, उरलेला कागदानं, आणि कॅमेऱ्यात नोंद होते ती दोघांच्या मिश्रणाची. यात वस्तूचा वाटा किती, त्या आकड्याला ‘अल्फा’ म्हणतात. शून्य म्हणजे पूर्ण पारदर्शक, एक म्हणजे पूर्ण भरीव. ही कल्पना १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ऑल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी रुजवली. १९८४ मध्ये लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी तिचं गणित नीट मांडलं. आपण ज्याला ‘पारदर्शक पीएनजी’ म्हणतो ती फाइल म्हणजे नेहमीच्या तीन रंगांसोबत प्रत्येक पिक्सेलचा अल्फा जपून ठेवलेलं चित्र. जेपीजीत अल्फाला जागाच नसते.

अडचण अशी, की पिक्सेलकडून आपल्याला आकडे मिळतात तीन: लाल, हिरवा, निळा. शोधायचे असतात सात: वस्तूच्या रंगाचे तीन, पार्श्वभूमीच्या रंगाचे तीन आणि अल्फा. कपातल्या चहाचा नुसता रंग पाहून दूध किती, चहापूड किती आणि दूध गाईचं की म्हशीचं हे सगळं एकदम ओळखा, असं म्हणण्यापैकी हे आहे. सिनेमावाल्यांनी यावर वाट काढली ती पार्श्वभूमी आधीच ठरवून टाकण्याची. नटाच्या मागे निळा नाहीतर हिरवा पडदा लावला की सातातले तीन आकडे ठाऊक होतात. पण उरलेल्या चारांसाठीही समीकरणं तीनच. १९९६ मध्ये स्मिथ आणि जिम ब्लिन यांनी दाखवलं की तीच वस्तू, जागची न हलवता, दोन वेगवेगळ्या रंगांच्या पार्श्वभूमीवर टिपली तर अल्फा नेमका काढता येतो. अंदाजाची गरजच उरत नाही.

मग दागिन्यांचे फोटो असेच का काढत नाहीत? कारण या गणितात एक गृहीत आहे: पार्श्वभूमी बदलली तरी वस्तू तशीच दिसायला हवी. ठुशीचा मणी हे गृहीत मानत नाही. मागचा कागद पांढऱ्याचा काळा केला की मण्याची कडही काळी होते. हिरवा पडदा तर सोन्यामागे लावूच नये. पडदा नंतर निघतो, सोन्यावरची हिरवी झाक राहते.

एआयची रीत वेगळी. ते समीकरण सोडवत बसत नाही, पाहिलेल्या हजारो चित्रांवरून अंदाज बांधतं. त्यामुळे त्यानं काय पाहिलंय याला फार महत्त्व येतं. फुकट मिळणाऱ्या आणि स्वतःच्या संगणकावर चालणाऱ्या साधनांमध्ये ‘रेमबीजी’ लोकप्रिय आहे. त्याच्या पोटात चालणारं जुनं, ठरलेलं प्रारूप (मॉडेल) म्हणजे ‘यू-स्क्वेअर-नेट’. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी ते २०२० मध्ये मांडलं. ते शिकलं १०,५५३ चित्रांवर, आणि ती चित्रं आहेत माणसं, प्राणी, पक्षी, वाहनं, फुलं अशा गोष्टींची. चित्रात पटकन डोळ्यांत भरणारी वस्तू कोणती, एवढंच त्याला विचारलेलं होतं. चिंचपेटी आणि तन्मणी त्याच्या अभ्यासक्रमात नव्हते.

त्याहून मोठी खोच मापाची. हे प्रारूप कितीही मोठा फोटो दिला तरी तो आधी ३२० बाय ३२० पिक्सेलवर आणतं, तिथे आत-बाहेरचा निवाडा करतं आणि तो निवाडा पुन्हा ताणून मूळ फोटोवर बसवतं. हिशेब करून पाहा. तुमचा फोटो ४,००० पिक्सेल रुंद आहे. त्यात लांब मंगळसूत्राची चेन ३० सेंटिमीटरभर पसरली आहे आणि ३,६०० पिक्सेल व्यापते. म्हणजे एका मिलिमीटरला १२ पिक्सेल. कडीची तार ०.८ मिलिमीटर जाड धरली तर साधारण १० पिक्सेल. फोटो ४,००० चा ३२० झाला म्हणजे साडेबारा पटीनं आक्रसला, आणि ती तार एका पिक्सेलहूनही बारीक झाली. दोन कड्यांमधली फट तर त्याहून आधी बुजली. एआयला चेन दिसतच नाही. दिसतो एक सोनेरी पट्टा. मग ते कड्यांसकट फटींतला कागदही दागिना म्हणून कापून देतं, नाहीतर चेन मध्येच तोडतं. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, आपणच त्याला धूसर चित्र दिलेलं असतं.

२०२४ च्या ‘बायरेफनेट’सारखी नवी प्रारूपं १,०२४ पिक्सेलवर काम करतात, त्यामुळे तीच तार अडीच पिक्सेलची उरते आणि निकाल पुष्कळ सुधारतो. २०२२ मध्ये ‘डीआयएस-५के’ नावाचा ५,४७० चित्रांचा संच आला, त्यात मुद्दाम बारीक, जाळीदार, गुंतागुंतीच्या कडांच्या वस्तू घेतल्या होत्या. त्यावर शिकलेली प्रारूपं दागिन्यांना जास्त मानवतात. तरीही यातून निघणारा व्यवहाराचा धडा कुठल्याही ॲपला लागू पडतो: दागिना चौकटीत घट्ट बसवून कापा, भोवतीचा रिकामा कागद आधीच छाटा. लांब हार असेल तर त्याचे दोन-तीन तुकडे वेगवेगळे एआयकडे द्या आणि नंतर जोडा.

आता नथीकडे येऊ, कारण पार्श्वभूमी काढणाऱ्या बटणाची खरी परीक्षा तिथे होते. मोत्यांची नथ पांढऱ्या कागदावर ठेवली आहे. मोत्याचा मध्य दुधाळ, थोडा गुलाबी, तिथे काही प्रश्न नाही. पण मोतीही गोल आणि तकतकीत. त्याच्या कडेला पांढरा कागद परावर्तित होतो आणि मोती कुठे संपला, कागद कुठे सुरू झाला हे माणसाच्या डोळ्यालाही नीट सांगता येत नाही. एआय तिथे मोती कुरतडतं. गोल मोती एका बाजूनं चपटा झाला, की असली मोती विकणाऱ्याचा मालही नकली वाटायला लागतो. दुसरी जागा नथीच्या वळशातली. मोत्यांच्या गुच्छापासून नाकात अडकवायच्या आकड्यापर्यंत जी कमान जाते, तिच्या आतली मोकळी जागा ही पार्श्वभूमी आहे हे आपल्याला माहीत असतं, कारण नथ कशी घालतात हे आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं. एआयला चारही बाजूंनी वेढलेला पांढरा तुकडा दिसतो आणि तो दागिन्याचाच भाग असावा असं त्याला बऱ्याचदा वाटतं. तिसरी जागा त्या आकड्याच्या टोकाची. तार तिथे निमुळती होत जाते आणि कापताना टोक हमखास गायब होतं. चापाच्या नथीचा चाप गेला तर फारसं बिघडत नाही, पण टोचलेल्या नाकात घालायच्या नथीचा आकडाच फोटोत नसेल तर गिऱ्हाईक विचारणार, ताई, ही घालायची कशी?

गंमत म्हणजे ठुशीचा गोंडा, जो माणसाला कापायला सगळ्यात जिकिरीचा, तो एआय बऱ्यापैकी निभावतं. त्याचं कारण त्याच्या शिक्षणात आहे. अर्धवट पारदर्शक कडा ओळखायला शिकवणाऱ्या संशोधनाचा भर केसांवर आणि प्राण्यांच्या लवेवर राहिला आहे. ॲडोबीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ४९३ वस्तू हातानं काटेकोर कापून, प्रत्येकीला शंभर वेगवेगळ्या पार्श्वभूमींवर बसवून ४९,३०० चित्रं तयार केली आणि त्यावर प्रारूप शिकवलं. त्या वाटेवरचं काम आजच्या बहुतेक ॲपांमागे आहे. रेशमी धाग्यांचा गोंडा त्याला केसांच्या जातीचा वाटतो. म्हणून गोंडा सुटतो आणि भरीव सोन्यातली भोकं अडतात. रेमबीजी वापरत असाल तर त्यात ‘अल्फा मॅटिंग’ हा पर्याय वेगळा चालू करावा लागतो, एवढं लक्षात ठेवा.

भोकांसाठी एआयची दुसरी जात बरी पडते: तुम्ही टिचकी मारून सांगायचं, हे घे, हे नको. मेटानं एप्रिल २०२३ मध्ये खुलं केलेलं ‘सेगमेंट एनीथिंग’ असं चालतं. ते १ कोटी १० लाख चित्रांतल्या ११० कोटी आकारांवर शिकलेलं आहे. वळशातल्या मोकळ्या जागेत एक टिचकी मारून ‘नको’ म्हटलं की ती सुटते. त्याची कड मात्र खडबडीत असते, ती नंतर हातानं साफ करावी लागते. थोडक्यात, पेन टूल येणाऱ्या माणसाची गरज अजून संपलेली नाही. काम कमी झालं आहे, आणि जे उरलं आहे ते अवघड आहे.

तर मग फोटो काढतानाचं काय? इथे सोनाराच्या दुकानातली एक सवय आड येते. आपल्याकडे दागिना मांडायचा म्हणजे लाल, मरून किंवा गडद निळी मखमल. दुकानातल्या दिव्यांखाली ती शोभते. फोटोत ती प्रत्येक मण्याच्या पोटात शिरते, वर तिची लव कडेवर सांडते. दुसऱ्या टोकाची सवय म्हणजे पांढऱ्या कापडाचा लाइट टेंट. त्यात सगळीकडून पांढराच प्रकाश येतो, डाग-चरे झाकतात, पण सोनं सपाट होतं आणि मोत्याची, चांदीची कड विरून जाते. हुपरीचे चांदीचे पैंजण अशा तंबूत ठेवून पाहा, घुंगरांच्या जागी राखाडी ढग दिसतील.

जुन्याजाणत्या स्टुडिओवाल्यांचा उपाय साधा आहे. तंबूच्या आत, फोटोच्या चौकटीच्या अगदी बाहेर, दोन्ही बाजूंना काळ्या कार्डपेपरच्या पट्ट्या उभ्या करायच्या. प्रत्येक मण्याच्या, मोत्याच्या, कडीच्या बाजूला त्या पट्टीची बारीक काळी रेघ उमटते. ही रेघच कड. डोळ्याला दागिना उठून दिसतो आणि एआयलाही कुठे थांबायचं ते कळतं. दोन रुपयांच्या कागदानं होणारं हे काम महागड्या ॲपच्या वर्गणीनं होत नाही. खालचा कागद मोत्यांना आणि चांदीला मध्यम राखाडी, सोन्याला फिकट राखाडी, काळ्या मण्यांच्या मंगळसूत्रालाही फिकट राखाडी. रंगीत कागद नकोच. शेवटी पांढऱ्यावरच बसवायचं असेल तर राखाडीवरून कापलेला दागिना पांढऱ्यावर चांगला ठरतो, कारण मण्याच्या कडेला आलेली राखाडी झाक पांढऱ्यावर सावलीसारखी दिसते. काळ्यावरून कापून पांढऱ्यावर ठेवलेला दागिना पेनानं कोरल्यासारखा वाटतो.

मोबाइलनं फोटो काढत असाल तर पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो मोड स्वतःच एआयनं वस्तू ओळखून मागचं धूसर करतो; म्हणजे एका अंदाजावर दुसरा अंदाज चढतो आणि नथीची तार पहिल्याच फेरीत वितळून जाते. मोबाइल हातात न धरता स्टँडवर लावा. जवळून काढलेल्या फोटोत फोकसची पट्टी फार अरुंद असते, आणि जी कड फोकसमध्ये नाही ती कुणालाच नेमकी कापता येत नाही. झुमके, बुगड्या, लोंबते कानातले नायलॉनच्या बारीक दोऱ्याला टांगून टिपले तर सावलीचा प्रश्न सुटतो, दोरा नंतर पुसता येतो.

रंगाची एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. मागे राखाडी कागद असतो तोवर फोटोतला रंग तपासायला एक साक्षीदार असतो. कागद पिवळट दिसत असेल तर सोनंही खऱ्याहून पिवळं आलं आहे हे कळतं. पार्श्वभूमी काढली की साक्षीदार गेला. मग २२ कॅरटचा, म्हणजे ९१.६ टक्के सोन्याचा दागिना कुठला आणि ७५ टक्क्यांचा १८ कॅरट कुठला, हे फोटोवरून कुणी सांगू शकत नाही. ज्याला सोनं थोडं जास्त पिवळं करायचा मोह होतो, त्याच्या तर ते पथ्यावरच पडतं. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी रंग दुरुस्त करा, मग पार्श्वभूमी काढा.

खड्यांचं वेगळं. लोकांना वाटतं हिरा पारदर्शक, म्हणजे त्यातून मागचा कागद दिसणार. चांगल्या पैलूंच्या हिऱ्यात तसं होत नाही. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ इतका मोठा आहे की वरून आत गेलेला बहुतेक प्रकाश तळाच्या पैलूंवर आपटून पुन्हा वरच येतो. त्यामुळे समोरून टिपलेला हिरा कापताना भरीव धरला तरी चालतो. कुंदनात खड्यामागे वर्ख असतो, तिथेही चिंता नाही. स्फटिकाची माळ मात्र चकवते. स्फटिकाचा अपवर्तनांक १.५४ च्या आसपास, मण्यातून मागचं आरपार दिसतं. पांढऱ्यावर टिपलेली स्फटिकमाळ कापून गडद हिरव्या चौकटीवर बसवा, प्रत्येक मण्यात पांढरा कागद अडकलेला दिसेल. असल्या वस्तूंची पार्श्वभूमी काढूच नये. ज्या रंगावर दाखवायची त्याच रंगावर फोटो काढावा, हे सगळ्यात स्वस्त पडतं.

सावलीबद्दल थोडं. बटण दाबलं की सावली जाते आणि पाटली हवेत तरंगायला लागते. ॲपं त्यावर तयार सावली देतात, ती बहुधा एका ठोकळ्याची असते. पाटलीखाली दोन ठिकाणी टेकलेली बारीक सावली हवी आणि येतो एक लांबोडका डाग. मूळ फोटोतली सावली वेगळ्या थरात ठेवून ‘मल्टिप्लाय’ पद्धतीनं खाली घालणं केव्हाही बरं. पाच मिनिटांचं काम आहे.

इथवरच्या सगळ्या चुका दिसणाऱ्या आहेत. कुरतडलेला मोती गिऱ्हाइकाला दिसतो, पांढरी कड दिसते, तुटलेली चेन दिसते. न दिसणारी चूक वेगळीच, आणि मला ती जास्त गंभीर वाटते. हल्लीची बरीच ॲपं पार्श्वभूमी काढून थांबत नाहीत. ‘संगमरवरावर ठेवा’, ‘फुलांच्या पाकळ्यांत ठेवा’ म्हटलं की ती नवं दृश्य रंगवतात, आणि ते करताना काही ॲपं अख्खं चित्र, दागिन्यासकट, नव्यानं रंगवतात. स्टेबल डिफ्यूजनसारख्या प्रारूपात ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं चित्र आधी ६४ बाय ६४ च्या संक्षिप्त रूपात दाबलं जातं आणि त्यातून पुन्हा उभं केलं जातं. बारीक तपशील त्या दाबण्यात हरवतो, उभं करताना एआय तो आपल्या कल्पनेनं भरतं. निकाल सुंदर असतो. दागिना मात्र तुमच्या कारागिरानं घडवलेला राहत नाही.

कोल्हापुरी साज घ्या. परंपरेनं त्यात जव मण्यांमध्ये गुंफलेली २१ पानं मानतात: १० दशावतारांची, ८ अष्टमंगळाची, माणिक आणि पाचूची २, आणि एक ताईत. पानांवर मासा, कासव असे आकार असतात. एआयनं पुन्हा रंगवलेल्या साजात पानं मोजा. १९ भरतील, २४ भरतील, आणि माशाच्या जागी पानाफुलाची छानशी नक्षी येईल. ठुशीतले मणी कोण मोजतो म्हणून ते खपून जातं. हॉलमार्कचं तर विचारूच नका. बीआयएसची खूण, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळखक्रमांक लेसरनं इतका बारीक कोरलेला असतो की पुन्हा रंगवताना त्याची कुठल्याच लिपीत न बसणारी अक्षरं होतात.

फोटोशॉपमध्ये आणि फुकट मिळणाऱ्या गिम्पमध्येही याची तपासणी मिनिटात होते. मूळ फोटोवर नवा फोटो नेमका बसवा आणि वरच्या थराला ‘डिफरन्स’ पद्धत लावा. दोन्ही थर जिथे सारखे तिथे काळं दिसतं. दागिन्याचा भाग आतून काळा आला तर एआयनं त्याला हात लावलेला नाही. दागिन्यात रंगीत ठिपके, रेघा चमकल्या तर ते चित्र टाकून द्या. आणि कापणी बरोबर झाली का हे पाहायला तोच दागिना एकदा गडद रंगावर, एकदा भडक गुलाबीवर ठेवून दुप्पट मोठा करा; पांढऱ्यावर सगळ्या चुका लपतात.

हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार ऑनलाइन बाजारपेठेनं विक्रेत्यांकडून हमी घ्यायची असते, की वस्तूचं वर्णन आणि छायाचित्रं अचूक आहेत आणि वस्तूच्या प्रत्यक्ष रूपाशी जुळतात. कापलेली पार्श्वभूमी या हमीत बसते. एआयनं वाढवलेली तीन पानं बसत नाहीत.

धंद्याच्या सोयीच्या दोन गोष्टी. नवा घाट असेल तर तो कुणाच्याही फुकट संकेतस्थळावर चढवण्याआधी विचार करा; तुमचं चित्र परक्या सर्व्हरवर जातं, आणि त्याचं पुढे काय होतं ते कुणी न वाचलेल्या अटींत लिहिलेलं असतं. रेमबीजीसारखं साधन आपल्याच संगणकावर, इंटरनेटशिवाय चालतं. घाटाची नोंदणी करायची असेल तर २००० च्या डिझाइन कायद्यानुसार तो अर्जाआधी जाहीर झालेला चालत नाही, म्हणून इन्स्टाग्रामला अर्जानंतरच हात लावा. दुसरी गोष्ट, पीएनजी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. तो दाबला जातो आणि पारदर्शकता हरवते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

विकणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की मूळ फाइल कधी पुसू नका आणि पांढऱ्या पार्श्वभूमीच्या फोटोंसोबत एक तरी फोटो तळहातावरचा, दिवसाच्या उजेडातला, काहीही न काढलेला ठेवा. दागिन्याचं माप त्यातच कळतं. घेणाऱ्यांनी पांढऱ्या फोटोवरून फक्त घाट पाहावा. रंग आणि वजन त्यावरून ठरवू नये. २ ग्रॅमहून हलके दागिने आणि कुंदन, पोलकी, जडाऊ यांना हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे. बाकी सोन्याचा दागिना हातात आला की त्यावरचा एचयूआयडी भिंगातून वाचा आणि ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून तपासा, फोटो कितीही देखणा असला तरी.